वर्गणी, नोंद आणि निकामी हात : कर्जत-खालापूरच्या निमित्ताने

सभासदाची बखर आपण बहुधा अफझलखानाच्या प्रसंगापर्यंत मन लावून वाचतो आणि प्रसंग संपला की पुढच्या मोहिमेकडे वळतो. मधला एक तपशील त्यामुळे निसटतो. लढाई संपल्यावर महाराजांनी काय केले, हे सभासद हिशेबनिसाच्या कोरडेपणाने सांगतो. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. आणि जे जखमी झाले त्यांना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन जखम पाहून दिले. बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिली गेली, म्हणजे १६५९च्या घटनेनंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी. आकडे नेमके असतील किंवा नसतील. चांगल्या धन्याने जखमी चाकराशी कसे वागावे, याची त्या काळची कल्पना मात्र त्यांत स्पष्ट उमटली आहे. जखम पाहिली जाते आणि तिच्या मापाने रक्कम ठरते. ‘तू किती वर्षे चाकरीत आहेस?’ हा प्रश्न त्या यादीत नाही.

आधुनिक राज्याने नेमका हाच प्रश्न जखमेच्या आधी आणून ठेवला. शरीर निकामी झालेल्या माणसाला पैसे मिळण्यापूर्वी त्याने आधी किती भरले, किती आठवडे भरले आणि शेवटचे केव्हा भरले हे विचारले जाऊ लागले. या प्रश्नाला आपण ‘वर्गणीची अट’ म्हणू. सरकारी मराठीत तिला ‘अंशदान’ असा भारदस्त शब्द आहे. पण वर्गणी हा शब्द जवळचा, कारण त्यात सर्वांनी मिळून काही उभे केल्याचा अर्थ आहे. ही अट आली कोठून, ती कोणासाठी सैल झाली आणि कोणासाठी घट्ट, हे पाहण्यासाठी कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे दोन घाटपायथ्याचे तालुके सोयीचे आहेत. कारखान्यातला तिकीटवाला कामगार आणि वीटभट्टीवरचा बिननावाचा मजूर येथे शेजारी राहतात. दोघांचे हात सारखेच निकामी होतात. पुढचे सारे मात्र वेगळे असते.

येथील आधुनिक श्रमाचा इतिहास बोरघाटापासून सुरू करावा लागतो. १८५६ ते १८६३ या काळात कर्जतच्या बाजूने खंडाळ्यापर्यंत लोहमार्ग चढवला गेला. सुमारे पंधरा मैलांत पंचवीस बोगदे. १८६१च्या सुरुवातीला या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. पटकी, ताप, कोसळणारे दगड आणि सुरुंगाची दारू यांनी त्यांतली हजारो माणसे गेली. १८५९मध्ये मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला, याची नोंद आहे. त्या वर्षाच्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार येथे पोचल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले, याचीही आहे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी उद्घाटन केल्याची तर आहेच. ज्यांचा हात सुरुंगाने नेला त्यांची यादी मात्र नाही. मृताच्या वारसांना दावा लावू देणारा एक कायदा १८५५मध्ये झाला होता. पण दाव्यासाठी दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागे, आणि त्यासाठी आधी आपण तेथे होतो हे सिद्ध करावे लागे. मुकादमाच्या टोळीतल्या माणसाला या दोन्ही गोष्टी अशक्य होत्या.

घाट पुरा झाल्यावर पंचवीसेक वर्षांनी युरोपात नवी कल्पना कायद्याच्या रूपाने उभी राहिली. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली वार्धक्य आणि अपंगत्व यांचा सक्तीचा विमा आला. कामगाराच्या कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवायचे. मालक आणि कामगार दोघांनी पैसे घालायचे. अपंगत्वाचे वेतन हवे तर पाच वर्गणी-वर्षे भरलेली हवीत, आणि एक वर्गणी-वर्ष म्हणजे सत्तेचाळीस आठवडे. दहा वर्षांनी, १८९९मध्ये, ही अट दोनशे आठवड्यांवर आणली गेली. ब्रिटनच्या १९११च्या कायद्याने आजारभत्त्यासाठी सव्वीस आठवडे आणि दीर्घ अपंगत्वाच्या भत्त्यासाठी एकशेचार आठवडे ठरवले. या आकड्यांत वैद्यकशास्त्र नाही. दोनशेव्या आठवड्याला पाय मोडणाऱ्याचे दुःख एकशेनव्व्याण्णवाव्या आठवड्यापेक्षा अधिक खरे नसते. आकडे राजकारणात ठरतात आणि राजकारणात बदलतात, हे प्रारंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

खालापूर तालुक्यात हे नवे युग विजेच्या तारेवरून आले. खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र १९२२मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली येते, चक्रे फिरवते आणि पुढे खोपोलीहून पाताळगंगेला, भिवपुरीहून उल्हासला मिळते. पुढच्या काळात खोपोली, रसायनी आणि पाताळगंगा या पट्ट्यात जे कारखाने उभे राहिले त्यांच्या मुळाशी हे बारमाही पाणी आहे. ‘बारमाही’ हा शब्द पुन्हा येणार आहे.

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, जो १ जुलै १९२४पासून अमलात आला, भारतात प्रथमच जखमेला चूक सिद्ध न करता किंमत मिळाली. त्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी होती आणि प्रत्येकापुढे कमाईची शक्ती किती टक्के गेली हे लिहिलेले होते. कोपरापासून किंवा त्याच्या वरून उजवा हात गेला तर सत्तर, डावा गेला तर साठ, अंगठा पंचवीस. सभासदाच्या ‘जखम पाहून’चे हे शासकीय भाषांतर म्हणता येईल. येथेही वर्गणी नव्हती. भरपाई मालकाने द्यायची होती. मात्र दहा दिवसांत बरी होणारी दुखापत हिशेबात धरली जात नव्हती, आणि शेतमजूर तर परिघातच नव्हता. त्या वेळी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. ते याच जिल्ह्याचे, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. १९२९मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाचेही ते सदस्य होते. त्या आयोगाने १९३१च्या अहवालात आजारविम्याची गरज मांडली. कामगार यंत्रात सापडूनच निकामी होतो असे नाही. क्षयाने, दम्यानेही होतो, आणि त्याची भरपाई कोणत्याच मालकाकडे मागता येत नाही, हा त्यामागचा विचार होता.

तो विचार प्रत्यक्षात आणण्याचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४मध्ये दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आराखड्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५२मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईला ती १९५४मध्ये आली.

येथे वर्गणीच्या बाजूने बोलणे आवश्यक आहे. आज आपण तिच्याकडे अडथळा म्हणून पाहतो; त्या पिढीने तिच्यात स्वाभिमान पाहिला. ज्याने भरले त्याला दानशूराच्या दारात उभे राहावे लागत नाही. त्याला गरिबी सिद्ध करावी लागत नाही, मुलगा सांभाळतो की नाही हे सांगावे लागत नाही. वर्गणीमुळे भिक्षेचा हक्क होतो. शिवाय १९४८च्या कायद्याच्या रचनेत एक शब्द फार विचारपूर्वक वापरलेला होता. आजारभत्त्याच्या अटीत वर्गणी ‘भरलेली’ असावी असे म्हटलेले नव्हते. ती ‘देय’ असावी असे म्हटलेले होते. कामगाराने काम केले, मजुरी कमावली, की त्याच्यापोटी वर्गणी देय झाली. मालकाने ती बुडवली तर तो मालकाचा गुन्हा. अशा वेळी महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि पैसे मालकाकडून वसूल करावेत, अशीही तरतूद होती. ‘भरलेली’ आणि ‘देय’ या दोन विशेषणांमध्ये सामाजिक सुरक्षेचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे. पहिले माणसाच्या पावतीकडे पाहते, दुसरे त्याच्या श्रमाकडे.

याच योजनेत अटींची एक उतरंडही होती, आणि तिच्यात तर्क होता. कामावर असताना इजा झाली तर वर्गणीची अट नाहीच. पहिल्या दिवशी हात गेला तरी लाभ. साध्या आजाराला सहा महिन्यांच्या काळात अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा दीर्घ आजारांसाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्यात एकशेछप्पन दिवस. १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेतही असेच: वयोमानाच्या वेतनाला दहा वर्षे लागत, पण नोकरीत असताना कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर एका महिन्याची वर्गणी पुरे. आपत्ती जितकी अकस्मात, तितकी अट सैल, असे या रचनेचे सूत्र होते.

मग ती अपुरी कोठे पडली? दाराशीच. कायदा प्रारंभी विजेवर चालणाऱ्या, वीस वा अधिक कामगारांच्या, बारमाही कारखान्यांना लागू होता. हंगामी कारखाने स्पष्ट शब्दांत वगळले होते. तो एकदम देशभर लागू झाला नाही. एकेका भागात अधिसूचना काढून, अनेक दशकांत पसरला. आणि कारखान्याच्या आतही बदली आणि कंत्राटी कामगार होते. सहा महिन्यांतले अठ्ठ्याहत्तर दिवस म्हणजे महिन्याला तेरा. कायम कामगाराला हा आकडा जाणवतही नाही. ज्याचा कंत्राटदार दर तीन महिन्यांनी बदलतो आणि दर वेळी नाव नव्याने लिहिले जाते, किंवा लिहिलेच जात नाही, त्याच्यासाठी मात्र तो घाटासारखा उभा राहतो. ‘देय’ शब्दाची सारी उदारता हजेरीपटापाशी येऊन थांबते. पटावर नाव नसेल तर काही देय होत नाही.

आता कारखान्याच्या पट्ट्यापासून चार कोस आत जाऊ. पावसाळा संपून भात कापले गेले की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांमधून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात: कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळसा पाडायला. एके काळी खैराचा कात काढणे हा त्यांचा धंदा. जंगलाच्या कायद्यांनी तो गेला. निघण्यापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. उचल म्हणजे पुढच्या श्रमावर आधीच घेतलेले पैसे. विम्याच्या भाषेत सांगायचे तर हे वर्गणीचे नेमके उलटे रूप आहे. वर्गणीत कामगार आज देतो आणि संकटात घेतो. उचलीत तो संकटातच घेतो आणि मग सारा हंगाम देत राहतो. हिशेबाची वही मुकादमाची. त्या वहीत नाव असते, पण ते कर्जदार म्हणून. कामगार म्हणून नसते. भट्टीवर विटांच्या ओझ्याखाली पाय मोडला तर त्या वहीत एवढाच फरक पडतो, की फेड लांबते.

अशा माणसांसाठी महाराष्ट्राने १९८०मध्ये वेगळी वाट काढली. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले, म्हणजे पुन्हा याच जिल्ह्याचे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले तेही त्यांच्याच काळात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत वर्गणी नव्हती. ज्याने कधी काही भरले नाही, कारण त्याच्याकडून भरून घेणारेच कोणी नव्हते, त्यालाही दरमहा काही मिळावे, ही कल्पना मोठी होती आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. आज कर्जतच्या तहसील कार्यालयाबाहेर दाखल्यांची पिशवी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांपैकी पुष्कळांची आशा याच योजनेवर असते.

परंतु नावाकडे पाहा. ‘निराधार’ म्हणजे ज्याला आधार नाही तो. ‘अनुदान’ म्हणजे दिलेले. विमाधारक कामगाराची ओळख त्याच्याजवळ काय आहे यावरून होते, निराधाराची ओळख काय नाही यावरून. त्याला ते ‘नाही’ सिद्ध करावे लागते. अपंगत्व किमान चाळीस टक्के. महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षांचे वास्तव्य. कुटुंबाचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत. ही सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१,००० रुपये अशी दीर्घकाळ राहिली, दिव्यांगांसाठी ती पुढे वाढवली गेली. योगायोग असा, की २०१७पासून राज्य विमा योजनेची वेतनमर्यादाही २१,००० रुपयेच होती, पण महिन्याची. एकच आकडा, एका दाराशी तो वर्षाचा, दुसऱ्या दाराशी महिन्याचा. केंद्र सरकारने २००९मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतन आणले तेव्हा अट ऐंशी टक्के अपंगत्वाची आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असण्याची होती. रक्कम प्रथम दोनशे आणि २०१२पासून तीनशे रुपये. राज्याची रक्कम त्या मानाने वाढत गेली: २०१९मध्ये एक हजार, २०२३मध्ये दीड हजार, आणि २०२५मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करण्याचा निर्णय.

या अटींतली पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट मला सर्वांत बोलकी वाटते. वर्गणी नाही म्हणताना ती दुसऱ्या रूपाने परत आली आहे. पैसे भरू नकोस, पण येथे भरलेली वर्षे दाखव. ज्या समाजाच्या पिढ्या याच डोंगरांत गेल्या त्याला ही अट सोपी असायला हवी. तसे होत नाही. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर किंवा वनजमिनीवर आहेत. गावठाण म्हणून त्यांची नोंद नाही. वर्षातले सहा-सात महिने कुटुंब भट्टीवर असते, त्यामुळे यादी करणारा येतो तेव्हा घर बंद असते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय अलिबागला. कर्जतच्या आतल्या वाडीतून पाय निकामी झालेल्या माणसाने खोपोली-पेणमार्गे तेथे जाणे ही स्वतंत्र परीक्षा आहे. शिबिर भरले तर ती चुकते. पुढे आधार जोडणी, बँकखाते, दरवर्षी हयातीचा दाखला. आणि विटा हाताळून बोटांच्या रेषा पुसलेल्या माणसाला यंत्र ओळखत नाही. त्याच्या श्रमाची खूण त्याच्या बोटांवर आहे, आणि त्या खुणेमुळेच तो नाकारला जातो.

२०१९मध्ये असंघटित कामगारांसाठी वर्गणीवर आधारलेली श्रमयोगी मानधन योजना आली. अठराव्या वर्षी महिना पंचावन्न रुपये, चाळिसाव्या वर्षी दोनशे. तेवढीच भर केंद्र सरकारची. साठीनंतर तीन हजारांचे वेतन. पण साठीपूर्वी कायमचे अपंगत्व आले तर? तर जोडीदाराने वर्गणी भरत राहावी, किंवा भरलेली वर्गणी व्याजासह परत घ्यावी. म्हणजे ज्या क्षणासाठी माणसाने आधार शोधला त्या क्षणी त्याला स्वतःचेच पैसे परत मिळतात. सर्वांनी मिळून एकाचे ओझे उचलावे, हा वर्गणी शब्दातला अर्थ येथे गळून पडला आहे. उरली ती बचत.

अटी घट्ट करण्याची ही वृत्ती आपल्याकडचीच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी कोणत्याही एका वर्षी पुरेशी वर्गणी भरलेली असली तरी असमर्थता भत्त्याची पहिली अट पुरी होत असे. १९९९च्या कायद्याने ती अलीकडच्या तीन करवर्षांपैकी एका वर्षात भरलेली हवी असे केले. सत्ताधारी मजूर पक्षाच्याच डझनावारी खासदारांनी तेव्हा विरोधात मत दिले. २०१०मध्ये तीनाची दोन वर्षे झाली. समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नव्हता: भत्ता हा कामाच्या जागी मिळणाऱ्या मिळकतीचा पर्याय आहे, म्हणून जो अलीकडे कामावर होता त्यालाच तो मिळावा, अन्यथा भरणाऱ्यांचा विश्वास उडेल. पण अलीकडे कामावर कोण नसते? जो हळूहळू आजारी पडत गेला, जिने आजारी माणसाची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडली, ज्याला हंगामी कामच मिळाले. अट घट्ट झाली की प्रथम गळतात ती हीच माणसे.

या साऱ्यातून मला एक गोष्ट दिसते. वर्गणीची अट ही मुळात नोंदीची अट आहे. बोरघाटाच्या मजुराने काही दिले नाही असे कोण म्हणेल? भट्टीवरची बाई काही देत नाही असे कोणाला म्हणता येईल? मुंबईच्या इमारतींमध्ये तिच्या विटा आहेत. तिचे देणे कोठे लिहिले गेले नाही, एवढेच. म्हणून वर्गणी असावी की नसावी यापेक्षा लिहिण्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. १९४८च्या कायद्यातल्या ‘देय’ शब्दाने ती मालकावर आणि राज्यावर टाकली होती. त्यानंतरच्या पुष्कळ योजनांनी ती उचलून मोडलेल्या माणसाच्याच खांद्यावर ठेवली. जबाबदारीचे हे स्थलांतर हीच खरी कडक झालेली अट. आठवड्यांचे आकडे तिच्या मागून येतात.

२१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९२३, १९४८ व १९५२चे कायदे तिच्यात विलीन झाले. राज्य विम्याची भौगोलिक अधिसूचनांची पद्धत तिने संपवली. असंघटित कामगारांची नोंदणी तिने मान्य केली. कर्जतच्या भट्टीपर्यंत ती कशी पोचते, हे तिच्या कलमांपेक्षा तेथल्या वहीवरून कळेल. वही मुकादमाची राहिली आणि तिच्यात उचलच लिहिली जात राहिली, तर संहितेचे भाषांतर कितीही शुद्ध असो, अर्थ जुनाच राहील.

सभासदाच्या यादीकडे जाता जाता पुन्हा पाहू. तेथेही नोंद होतीच. चाकर कोण हे दरबाराला ठाऊक होते, म्हणून जखम पाहता आली. पण ती नोंद ठेवणे हे धन्याचे काम होते. जखमी माणसाला आपण लढाईत होतो याचा दाखला आणायला कोणी पाठवले नव्हते.